दुसऱ्या पेरापर्यंत

मी वड आहे. उंची सव्वा फूट. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबतो. सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत येणारे पाहुणे आधी हसतातच. मग कुणीतरी वाकून माझ्या बुंध्याकडे बघतं आणि विचारतं, "याच्या गळ्याला हा वळ कसला?" तो वळ कसा पडला, तेच आज सांगायचं आहे.

जन्म माझा विहिरीतला. सिल्वासापासून लांब, आता धरणाच्या पाण्याखाली असलेल्या एका गावात, विहिरीच्या कठड्यातल्या दोन दगडांच्या फटीत कुठल्याशा पाखराने मला टाकलं आणि ते उडून गेलं. वेशीवर माझा बाप उभा होता, थोरला वड. त्याच्या पारंब्यांखाली गावाने आपल्या मेलेल्यांच्या नावाचे दगड मांडले होते. माणूस गेलं की ते वडात जाऊन बसतं, असं तिथे मानत. नवं भात निघालं की पहिला घास त्या दगडांपुढे ठेवत. त्यामुळे बापाकडे कायम गर्दी असायची.

धरण झालं आणि गाव उठलं. कौलं, दारं, उखळं ट्रकमध्ये चढली. लोकांनी दगडही नेले. वड कोण नेणार? पाणी वेशीला लागलं त्या दिवशी झिपरू आला. तो याच गावचा, सिल्वासाला मोजणीच्या कचेरीत शिपाई. बराच वेळ तो थोरल्या वडाखाली नुसता उभा राहिला. मग विहिरीशी येऊन त्याने कोयत्याच्या टोकाने मला उचकटून काढलं. निम्मी मुळं दगडातच राहिली. मला ओंजळीत धरून, वडाकडे तोंड करून तो म्हणाला, "चला, यात बसा. जागा बारकी हाय. सांभाळून घ्या."

तेव्हापासून ते माझ्यात आहेत. किती, ते मला सांगता येणार नाही. बोलत नाहीत. वारा नसताना माझं एखादं पान हललं तर समजावं, कुणीतरी कूस बदलली.

झिपरूने मला डालड्याच्या डब्यात लावलं आणि कचेरीत जयवंतरावांच्या टेबलावर आणून ठेवलं. जयवंतराव मूळचे चिपळूणकडचे. आमचं गाव धरणासाठी त्यांनीच साखळी धरून मोजलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना घास गोड लागत नव्हता. त्याच सुमारास एका साप्ताहिकात त्यांनी बोन्सायचं चित्र पाहिलं, आणि झिपरूकडे वडाचं रोप मागितलं होतं.

"सायेब, याला मरू नका देऊ," झिपरू म्हणाला. कारण त्याने सांगितलं नाही.

"अरे, माझं पहिलंच झाड आहे," साहेब हसले. "मरायला लागलं तरी मला कळायचं नाही."

ते थट्टेत बोलले, पण खरं तेच होतं. पहिल्या वर्षात या गृहस्थाने माझे जे हाल केले, ते मी अजून विसरलो नाही. माझी मुळं त्यांनी घरातल्या विळीवर कापली. त्यावरून नलिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दोन दिवस अबोला धरला. जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार काढून माझ्या फांद्यांना गुंडाळली. कुंभाराकडून पसरट परळ आणला, त्याला खिळ्याने भोकं पाडली, आणि चित्रात झाड दिवाणखान्यात दिसतं म्हणून मला टीव्हीवर नेऊन बसवलं. खाली क्रोशाचा रुमाल. पंधरा दिवसांत माझी अर्धी पानं त्या रुमालावर पडली.

मग मात्र माणूस शहाणा झाला. मला गॅलरीत आणलं. मिळेल तिथून माहिती काढून, कचेरीत डबा खाऊन झाल्यावर तो एका निळ्या वहीत ती उतरवू लागला. आणि रोज सकाळी सातला, आंघोळीच्या आधी, माझ्याजवळ येऊन उजव्या हाताचं पहिलं बोट मातीत घालायचा. दुसऱ्या पेरापर्यंत. भात शिजला का बघावं, तसा क्षणभर थांबायचा. मग म्हणायचा, "आज नको," किंवा "आज थोडं."

"माणसांना वेळेवर चहा नाही आणि झाडाची नाडी बघतायत," नलिनीबाई आतून म्हणायच्या. त्या मराठी शाळेत शिक्षिका. बोलणं फटकळ, पण मला उन्हाची झळ लागू नये म्हणून गॅलरीला ओलं गोणपाट बांधणाऱ्याही त्याच.

नळाचं पाणी धरणातून येई. परळात ओतलं की मला त्यात गावाची चव लागे. माझ्यात बसलेले सगळे उठून बसत. एवढं सोडलं तर दिवस बरे होते.

वटपौर्णिमेला कॉलनीतल्या बायका पूर्वी जवळच्या खेरडी गावाच्या वाटेवरच्या वडाकडे जात. तो वड एका वादळात गेला. तेव्हा कुणाला तरी मी आठवलो. अंगणात स्टूल मांडलं, त्यावर मला ठेवलं, आणि नऊ बायका नऊवारी-सहावारी नेसून, हातात दोरा घेऊन त्या स्टुलाभोवती फिरू लागल्या. पुरुष खिडक्यांतून बघत होते आणि तोंडावर रुमाल धरत होते. बाकीच्यांनी आपलं सूत परळालाच गुंडाळलं. झाड घरचं म्हणून खोडाचा मान नलिनीबाईंचा. मलाही, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी फार बरं वाटलं. माझा बाप एवढा मोठा, पण त्याच्याभोवती कधी कुणी फेऱ्या घातल्या नव्हत्या.

पुढे दरवर्षी हेच होऊ लागलं. सूत कच्चं असे. उन्हापावसाने ते दिवाळीपर्यंत विरून जाई, आणि उरलंसुरलं जयवंतराव चिमट्याने काढत.

एकोणनव्वद साली पाचव्या फेरीला नलिनीबाईंचा दोरा तुटला. गाठ मारून त्यांनी फेऱ्या पुऱ्या केल्या. पण वर्षभर जयवंतराव शिंकले तरी त्या डॉक्टरांचं नाव काढत.

पुढच्या वर्षी शेजारच्या कोंडाबाईने उपाय काढला. ती पारोळ्याकडची, नवरा सुकदेव इथल्या एका यार्नच्या कंपनीत कामाला. कंपनीतलं दोऱ्याचं टाकाऊ बॉबिन तिच्या घरी होतं. पांढरं, चकचकीत, पॉलिस्टरचं.

"हे घ्या ताई," ती म्हणाली. "हत्ती बांधा, तुटावं नही."

नलिनीबाईंनी त्याच दोऱ्याने सात फेऱ्या घातल्या. एकही गाठ पडली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभराचं सावट होतं, ते उतरलेलं मी पाहिलं.

संध्याकाळी जयवंतराव माझ्यासमोर उकिडवे बसले. "हे काय गं, नलू? जहाज नांगरलंयस का?"

"तुटला नाही ना? मग झालं."

"दिवाळी झाली की सोडवीन हं मी. झाड जाड होत जातं."

"दिवाळीचं दिवाळीला बघू," त्या म्हणाल्या.

दिवाळी आली, पण जयवंतराव नव्हते. नवरात्रात, सातव्या माळेला, कचेरीचा जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते पायरीवरच बसले. "पाणी दे रे," असं झिपरूला म्हणाले. झिपरू माठाकडे धावला. तो पेला घेऊन परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस.

घर माणसांनी भरलं. त्या गडबडीत मला पाणी द्यायचं कुणाच्या लक्षात असणार? चौथ्या दिवशी सकाळी सातला माझ्या मातीत बोट आलं. दुसऱ्या पेरापर्यंत. क्षणभर थांबलं आणि निघून गेलं.

गॅलरीत कुणीही नव्हतं.

माझ्यात बसलेल्यांनाही ते कळलं. ते सरकून बसल्यासारखी माझी पानं एका बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी सातला बोट पुन्हा आलं. मग रोज येऊ लागलं. त्याला ऊब नव्हती, एवढाच फरक. बाकी तीच खोली, तेच थांबणं. मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही. मेलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत, पण ती निवांत बसलेली असतात. या माणसाचा जीव कशात तरी अडकला होता.

पाहुणे गेल्यावर नलिनीबाई गॅलरीत आल्या आणि त्यांनी मला तांब्याभर पाणी घातलं. शाळेतून आल्यावर आणखी एक. दिवेलागणीला तिसरा. "तहानलेलं राहू नये कुणी," असं पुटपुटत त्या ओतत राहिल्या. रोज, महिनोन्‌महिने. परळाची भोकं बुजली, मातीचा चिखल झाला. माझी मुळं काळी पडून कुजायला लागली. कशी सांगणार मी त्यांना की बाई, पुरे?

जयवंतरावांचं बोट मात्र सांगत होतं. ते आता चिखलात शिरायचं आणि चटका बसल्यासारखं मागे यायचं. दुपारी पुन्हा यायचं. सुट्टीच्या दिवशी तर नलिनीबाई जवळच स्टुलावर बसलेल्या असत, हातात रिकामा तांब्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मातीत खळगा पडे. त्यांना वाटे, पाणी मुरलं. त्या आणखी आणायला उठत.

आणि दोरा होताच. सूत असतं तर कधीच विरून गेलं असतं. हा तसाच पांढरा, चकचकीत. मी वाढत गेलो आणि तो रुतत गेला. त्याच्या वर माझं अंग सुजलं, खाली सुकलं. पानं पिवळी होऊन गळायला लागली.

कोंडाबाई एकदा भीतभीत म्हणाली, "ताई, तो दोरा काढी टाका ना. झाड मरी जाई."

"त्या दोऱ्याचं नाव काढू नकोस," नलिनीबाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. मग माझ्याजवळ येऊन बसल्या. एका हाताने पदर तोंडात धरला होता. "कापसाचं सूत नव्हतं, म्हणून मान्य झालं नाही का हो?" त्यांनी मला विचारलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तुटला नाहीये. अजून तुटला नाहीये. तुम्ही जाऊ नका."

तेव्हा मला समजलं की त्यांच्या लेखी मी वड राहिलो नव्हतो. माझं पान गळलं की त्यांना वाटे, ते थोडे आणखी गेले. गळलेली पानं त्या केरात टाकत नसत, एका पितळी डब्यात ठेवत. डबा भरत आला होता.

दीड वर्ष होत आलं. ब्याण्णवच्या फाल्गुनात माझ्यावर सतरा पानं उरली होती. झिपरू अधूनमधून यायचा तसा आला, आणि मला बघून खालीच बसला.

"बाई, दोरा गळ्यात बसला. काढा तो."

"मी नाही कापायची, झिपरूभाऊ. तुम्ही कापा."

झिपरूने हात मागे घेतला. मग इतक्या वर्षांत न सांगितलेलं त्याने सांगितलं. गाव, थोरला वड, ओंजळ, सगळं. "माजा बाप हाय यात. आजी हाय. मी कसा याच्यावर कातर चालवू? पण यो मेला तर ती कुठं जातील?"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. एकाचं सगळं गोत माझ्यात, एकीचा नवरा. मरायला टेकलेल्या सव्वा फुटाच्या झाडावर एवढा भार, आणि कात्री धरायला कुणी नाही. माझीही आशा तिथे संपली.

"सायबाची वही कुठं हाय?" झिपरूने विचारलं.

"कसली वही?"

"निळी. ह्या झाडाची. मी आनून दिली व्हती ना पिशवीत."

कचेरीच्या टेबलातलं सामान झिपरूने तेराव्याच्या आत आणून दिलं होतं. ती पिशवी दाराआडच्या खुंटीवर तशीच लटकलेली होती. नलिनीबाईंनी ती त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. चष्म्याचं घर, सुपारीची डबी, निळी वही. वही घेऊन त्या उंबऱ्यात बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या, शाळेत वाचतात तशा, आवाज स्थिर ठेवून.

"पाणी देण्याआधी बोट घालून बघणे. दुसऱ्या पेरापर्यंत ओल असेल तर देऊ नये. झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात." इथे त्या थांबल्या. परळातल्या चिखलाकडे त्यांनी बघितलं. पान उलटलं. "मुळं कुजल्यास काळा भाग कापणे. नदीची वाळू दोन वाटे, विटेचा चुरा एक वाटा." आणखी पानं उलटली. शेवटचं लिहिलेलं पान भाद्रपदातलं होतं. तिथे त्यांचा शाळेचा आवाज टिकला नाही.

"नलूचा दोरा दिवाळीनंतर काढणे. फार घट्ट आहे. कापू नये, तिला लागेल. तिलाच उलट्या सात फेऱ्या घालायला लावून सोडवावा. चिडेल. समजूत काढणे."

झिपरू तोंड फिरवून बसला. नलिनीबाई रडल्या, मोकळेपणी, बराच वेळ. गेल्या दीड वर्षात मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी स्टूल गॅलरीच्या मधोमध ओढलं. दोऱ्याचं टोक सुईने उकरून काढलं आणि उलट्या चालायला लागल्या. पहिल्या दोन फेऱ्या सहज सुटल्या. पुढचा दोरा सालीत गेलेला होता. तो निघताना साल घेऊन निघाला आणि माझा पांढरा चीक वाहू लागला. त्यांचा हात थांबला. "लागतंय का हो?" त्यांनी विचारलं. लागत होतं. पाचव्या फेरीला, जिथे कधीकाळी सूत तुटलं होतं, त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला पाणी द्यायला नव्हते." सातव्याला दोरा पूर्ण हातात आला आणि त्या म्हणाल्या, "जा आता."

उरलेलं काम झिपरूने आणि त्यांनी मिळून केलं. झिपरू अथाल गावाजवळून नदीची वाळू घेऊन आला. काळी मुळं कापल्यावर बोटभर जुडी उरली. परळाची भोकं खिळ्याने मोकळी केली. मला त्या वाळूत उभं केलं, वरून दुधाची पिशवी टोपीसारखी घातली, आणि सावलीला ठेवलं. सतरातली पंधरा पानं त्याच आठवड्यात पडली.

दोरा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले. मी वाट बघत होतो. बोट आलं नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मला कळलं की जयवंतराव गेले. दीड वर्ष मी त्या थंड बोटाला भीत होतो, आणि आता त्याच्यावाचून मला करमेना. माझ्यातले लोक पसरून आपापल्या जागी बसले. त्यांची मदारही आता माझ्या त्या दोन पानांवरच होती. जगायचं कशासाठी, हे काही मला ठरवता येईना.

दहाव्या दिवशी सकाळी सातला पिशवी वर उचलली गेली आणि मातीत बोट आलं. दुसऱ्या पेरापर्यंत. थांबलं.

ऊब होती त्याला. खडूचा वास होता.

"आज नको," नलिनीबाई म्हणाल्या.

चाळीस दिवस त्या रोज तेवढंच करत राहिल्या. कधी "आज नको," कधी "आज थोडं." तांब्या घरात गेला, त्याच्या जागी चहाचा कप आला. मग वैशाखात माझ्या टोकाला लालसर कोंब फुटला. त्यांनी कोंडाबाईला हाक मारली, कोंडाबाईने सुकदेवला, आणि एवढ्याशा कोंबाभोवती तिघं कमरेत वाकून उभी राहिली. पावसाळ्यात वळाच्या वरच्या बाजूला एक पारंबी फुटली, शिवणाच्या दोऱ्याएवढी. ती वळ ओलांडून खाली उतरली आणि वाळूत शिरली. झिपरूने तिला हात लावला नाही, नुसते हात जोडले.

त्याला पाच वर्षं झाली. पारंबी आता करंगळीएवढी जाड आहे. मी अर्धा तिच्यावरच उभा आहे. पितळी डब्यातली पानं नलिनीबाईंनी एका उन्हाळ्यात चुरून माझ्याच मातीत मिसळली. वळ मात्र जायचा नाही.

इतकी वर्षं वटपौर्णिमेला आमच्या अंगणात कुणी आलं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईच्या दारात वड पुजायला कोण येणार? गेल्या ज्येष्ठात नलिनीबाईंनीच स्टूल बाहेर मांडलं, मला त्यावर ठेवलं आणि कोंडाबाईला बोलावलं.

"ताई, मी नही बांधस आते," कोंडाबाई दारातच थबकली. सगळं त्या बॉबिनमुळे झालं, हे तिच्या मनातून अजून गेलेलं नाही.

"बांध. कच्चं सूत आणलंय मी बाजारातून," नलिनीबाई म्हणाल्या.

कोंडाबाई फेऱ्या घालू लागली. नलिनीबाईंनी हळदीकुंकवाला हात लावला नाही, फेरीही घातली नाही. त्या फक्त माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या खोडाला लावून धरलं. सूत त्या बोटावरून फिरलं, सातही वेळा. शेवटची गाठ बसल्यावर त्यांनी बोट हळूच बाहेर काढलं.

"एवढी जागा राहू दे," त्या म्हणाल्या.

तुम्हीही कुणाला बांधून ठेवत असाल. ठेवा. माझं मागणं एवढंच आहे, की गाठ मारताना मध्ये एक बोट राहू द्या.